मुंबईचे टोक सुटले तेव्हा

उणे १०५ वर्षे

मुंबईच्या विजेची गोष्ट मुंबईत सुरू होत नाही. ती खंडाळ्याच्या कड्याखाली, खालापूर तालुक्यात सुरू होते. टाटा हायड्रोइलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली नोंदली गेली, पुढच्या वर्षी लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून गिरणगावाकडे वीज निघाली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे अर्धा किलोमीटर खाली येते, पेल्टन चाकांवर आपटते आणि काम संपवून पाताळगंगेला मिळते. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह आले, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे. मुळशीसाठी सेनापती बापटांनी आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी काय सोसले तो वेगळा इतिहास आहे. कर्जतकरांना भिवपुरीची ओळख विजेपेक्षा पाण्याने जास्त. तिथली यंत्रे चालली की पेज नदीला पाणी येते आणि राजनाल्याच्या शेतांना ते पोचते.

आज खोपोली ७२ मेगावॅट, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मेगावॅट. तिन्ही मिळून ४४७. मुंबईच्या भुकेपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, या मुंबई अंधारात गेलेल्या दिवसाचा घटनाक्रम लावताना मी घाटाखालच्या या वीजगृहांपाशी उभा राहणार आहे, कारण त्या दिवशी शहराला पुन्हा उभे करताना जी यंत्रे पहिल्यांदा आठवली त्यांत ही होती. आणि दुसरे कारण असे की वीजवाहिनी म्हणजे काय, ती फाटे फुटल्यावर कशी वागते आणि तिच्या टोकाला काय बांधावे लागते, हे इथल्या तारांवर आणि इथल्या नळांवर जितके स्वच्छ दिसते तितके शहरात दिसत नाही.

उणे दोन दिवस

शनिवार, १० ऑक्टोबर. भिवंडीजवळच्या पडघा उपकेंद्रातून कळव्याकडे जाणाऱ्या ४०० केव्ही वाहिनीचे पहिले सर्किट बंद पडले. दुरुस्तीचे काम निघाले. दुसरे सर्किट चालू होते, त्यामुळे कोणाच्या घरचा पंखासुद्धा थांबला नाही.

जाळ्याचे गणित इथे मांडून ठेवू. मुंबईच्या गरजेचा काही भाग मुंबई परिसरातच तयार होतो: तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्ब्याचे, टाटांचे औष्णिक केंद्र, अदानींचे डहाणू आणि ही तीन जलविद्युत केंद्रे. उरलेली वीज राज्याच्या जाळ्यातून महापारेषणच्या वाहिन्यांवरून येते. त्या वाहिन्यांचा गळा दोन ठिकाणी आवळलेला होता, कळवा आणि खारघर. २०२० साली मुंबई शहरात एकही ४०० केव्ही वाहिनी शिरत नव्हती. मोठ्या वाहिन्या खाडीपलीकडे थांबत आणि पुढे २२० व ११० केव्हीच्या बारीक फांद्या शहरात जात.

‘बारीक’ म्हणजे किती बारीक? प्रत्येक वाहिनीला एक स्वाभाविक प्रतिबाधा असते. ती तारांची जाडी, त्यांतले अंतर आणि जमिनीपासूनची उंची यांवर ठरते. वाहिनी किती लांब आहे याच्याशी तिचा संबंध नाही. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज विक्षिप्ताने १८८०च्या दशकात तारायंत्राच्या तारांसाठी हे गणित बसवले. ४०० केव्हीच्या जोडतारेची ही प्रतिबाधा साधारण २९० ओहम. वाहिनीच्या टोकाला नेमका तेवढ्याच ओहमांचा भार बांधला, तर निघालेली लाट टोकाला पूर्ण जिरते, काहीच परत येत नाही. त्या भाराला लागणारी वीज काढा: ४०० केव्हीला सुमारे साडेपाचशे मेगावॅट, २२० केव्हीला सव्वाशेच्या आसपास आणि ११० केव्हीला तीस. कमी अंतराची वाहिनी याहून बरेच जास्त ओझे वाहू शकते, तिची खरी मर्यादा तार किती तापते ही असते. तरी प्रमाण लक्षात ठेवा. एक ४०० केव्ही गेली की तिची जागा भरायला चार २२० केव्ही लागतात.

वीज जाळ्यांचा जगभरचा नियम आहे की कोणताही एक घटक अचानक गेला तरी व्यवस्था उभी राहिली पाहिजे. नियमाची पुढची ओळ मात्र अनेकदा विसरली जाते. एक घटक गेल्यावर व्यवस्था लगेच अशी लावून घ्यावी लागते की दुसरा गेला तरी ती टिकेल. शनिवारनंतर हिशेब त्या पुढच्या ओळीचा होता.

उणे साडेपाच तास

सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास पुण्याजवळच्या तळेगावहून कोकणात खारघरला उतरणारी ४०० केव्ही वाहिनी ट्रिप झाली. पहाट ही विजेच्या मागणीची सर्वांत हलकी वेळ. कोविडचे दिवस, कार्यालये अर्धी बंद, लोकल फक्त अत्यावश्यक सेवेच्या कर्मचाऱ्यांसाठी. मुंबईला कळले नाही.

दोन दिवसांत दोन मोठ्या वाटा बंद. आता पुण्याच्या बाजूची वाट नाही, पडघ्याच्या बाजूची अर्धी.

उणे चार ते एक तास

सूर्य उगवतो, पाण्याचे पंप सुरू होतात, लिफ्ट, इस्त्री, गीझर, मग कारखाने. भार चढत जातो आणि उरलेल्या वाहिन्यांत वाटला जातो. कोणती वाहिनी किती घेणार हे कोणी ठरवत नाही. प्रत्येक फांदीची एकूण प्रतिबाधा ते ठरवते (ही लांबीबरोबर वाढते, मघाची स्वाभाविक प्रतिबाधा वेगळी), आणि एक फांदी गळाली की तिचा वाटा त्याच क्षणी इतरांवर पडतो. नळाच्या तोटीसारखा इथे झडप फिरवून वाटा कमी करता येत नाही.

या तासांत आपण फाटे फुटलेल्या वाहिनीकडे नीट बघू. त्यासाठी खोपोलीहून परळला जाणारी ७० किलोमीटरची वाहिनी सोडून हातात मावणारी घेऊ. संगणकाच्या मदरबोर्डवर हिरव्या पाटीत तांब्याच्या केसाएवढ्या रेघा असतात. त्याही पारेषण वाहिन्याच आहेत, त्यांची स्वाभाविक प्रतिबाधा बहुधा ५० ओहम ठेवतात. त्या पाटीत विद्युत लाट एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे १५ सेंटिमीटर जाते. घड्याळाचा ठोका एका चिपकडून निघाला आणि मध्ये रेघेला दोन समान फाटे फुटले, असे समजा. लाटेला पुढे ५० ओहमच्या दोन वाटा समांतर दिसतात, म्हणजे २५ ओहम. ५०च्या वाटेवरून येऊन २५ला भिडणाऱ्या लाटेचा एक तृतीयांश भाग उलट चिन्हाने मागे परततो. फाट्यांत शिरते ती दोन तृतीयांश उंचीची लाट. फाट्याचे टोक उघडे असेल तर तिथे ती दुप्पट होते, चार तृतीयांश, आणि माघारी फिरते. परतताना पुन्हा सांध्यावर आदळते, पुन्हा तृतीयांश उलटते. दोन्ही फाट्यांच्या लांबीत फरक असेल तर या येरझाऱ्या एकमेकींत मिसळून असे काही दातेरी रूप घेतात की टोकाची चिप एकाच ठोक्याला दोन ठोके समजते. मोजणी चुकते आणि यंत्र खोटे बोलू लागते. तेही अधूनमधून, त्यामुळे दोष सापडत नाही.

उपाय जुने आहेत आणि प्रत्येकाची किंमत आहे. दोन्ही टोकांना ५० ओहमचा रोध बांधा, लाटा जिरतील. पण पाठवणाऱ्या चिपला आता २५ ओहमचा भार सतत ओढावा लागेल आणि सांध्यावरची तृतीयांश परत येतच राहील. दोन्ही फाट्यांच्या रेघा बारीक करून १०० ओहमच्या करा, म्हणजे सांध्यावर समांतर ५० होतील आणि लाटेला सांधा जाणवणारच नाही. मग टोकांना शंभराचे रोध. पण १०० ओहमची रेघ इतकी बारीक होते की पाटी बनवणारा कुरकुरतो. सांध्याच्या तिन्ही पायांत सतरा-सतरा ओहमचे रोध घाला, सगळीकडून जुळते, फक्त सिग्नल निम्मा उरतो. मूळ चिपपाशीच मालिकेत रोध लावून परतणारी लाट तिथे जिरवा. हे एका टोकाला उत्तम चालते, फाट्यांना अर्धेमुर्धे. माझ्या मते सर्वांत शहाणा उपाय म्हणजे फाटे काढूच नका: एक रेघ एका चिपवरून दुसरीवर, तिसरीवर न्या आणि शेवटच्या टोकाला एकच रोध बांधा. २००७ सालच्या डीडीआर-३ स्मृतीने आधीच्या झाडासारख्या रचनेला सोडचिठ्ठी देऊन हीच वाट धरली.

आता हे घाटातल्या मनोऱ्यांवर न्या. एका वाहिनीला मधोमध तशीच दुसरी वाहिनी टी-सारखी जोडली, तर वीज पडून आलेल्या लाटेला तिथेही तोच एक तृतीयांश धक्का बसतो. ५० ओहम काय आणि ४०० ओहम काय, अपूर्णांक तोच. उघड्या टोकाला लाट तिथेही दुप्पट होते, म्हणून प्रत्येक उपकेंद्राच्या दारात तडितरोधक उभे असतात.

मात्र एक भेद आहे, आणि तो झाकून ठेवला तर हा लेख खोटा ठरेल. बोर्डावर ठोका चढायला नॅनोसेकंदही लागत नाही, त्यामुळे दहा सेंटिमीटरचा फाटाही ‘लांब’ ठरतो. वीज जाळ्यात ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा हजार किलोमीटर. खोपोलीपासून परळचे ७० किलोमीटर तिच्यापुढे ठेंगणे आहेत. एका टोकाला स्विच दाबला की लाट तिथे पाव मिलिसेकंदाच्या आत पोचते, दोन-चार फेऱ्यांत शांत होते आणि नंतर उरतो तो साधा हिशेब: किती आले, किती गेले. म्हणून शहर अंधारात जाते ते परावर्तित लाटेमुळे नव्हे. ते जाते टोकाचा भार आणि त्याला पोसणाऱ्या वाटा यांचा मेळ सुटल्यामुळे. बोर्डावरचा अभियंता टोकाला नेमका रोध बांधतो. वीजवाल्याच्या टोकाला अख्खे शहर बांधलेले असते, आणि ते मिनिटामिनिटाला आपला ओहम बदलते.

उणे काही मिनिटे

दहा वाजायला आले. पडघा–कळवा वाहिनीच्या दुसऱ्या सर्किटमध्ये तांत्रिक बिघाड झाला आणि तेही गेले. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी जाहीरपणे सांगितलेला क्रम हाच: पहिल्या सर्किटची दुरुस्ती चालू असल्याने भार दुसऱ्यावर होता, आणि दुसऱ्यात बिघाड झाला.

पुढची दोन-चार मिनिटे या घटनाक्रमातली सर्वांत मोलाची. मोठ्या वाटांचे ओझे २२० केव्हीच्या फांद्यांवर पडले. जास्त प्रवाहाने तार लगेच वितळत नाही. ती तापते, लांबते, खाली झोळ घेते, याला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे माणसासाठी असतात. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राने सांगायचे, वितरण कंपन्यांनी ठरलेले विभाग बंद करायचे, दोन-चारशे मेगावॅट उतरवायचे, आणि बाकी शहर वाचवायचे. काही उपनगरांना तासभर अंधार हा वाईट निर्णय असतो, पण तो निर्णय असतो. वाहिनीचे रक्षण करणाऱ्या रिलेला निर्णय कळत नाही. त्याला आकडा कळतो. आकडा ओलांडला की तो ब्रेकर उघडतो, आणि त्याने वाचवलेल्या तारेचे ओझे शेजारच्या तारेवर टाकतो.

शून्य

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास मुंबई, आणि ठाणे व नवी मुंबईचे मोठे भाग अंधारात गेले. टाटा पॉवरच्या निवेदनात वेळ १०.१० दिली होती आणि कारण असे: कळवा आणि खारघर येथे एकाच वेळी झालेल्या ट्रिपिंगमुळे मुंबईच्या पारेषण व्यवस्थेत फ्रिक्वेन्सी झपाट्याने खाली आली. बेस्टने ट्विट केले की टाटांकडून येणारा पुरवठा बंद पडला आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी बाधित पुरवठा सुमारे दोन हजार मेगावॅट असल्याचे सांगितले.

अशा वेळेसाठीच मुंबईची प्रसिद्ध ‘आयलँडिंग’ योजना होती. बाहेरचे जाळे डळमळले की शहराने दोर कापून बेट व्हायचे आणि आपल्या पोटातल्या केंद्रांवर जगायचे. दशकानुदशके मुंबईकर या योजनेचा अभिमान सांगत. त्या सकाळी बेट तरले नाही.

का तरत नाही, ते एका हिशेबात दिसते. समजा बेटात हजार मेगावॅटची यंत्रे फिरत आहेत आणि भार उरला आहे दोन हजारांचा. फिरत्या यंत्रांच्या वस्तुमानात साठलेली ऊर्जा चार सेकंद पूर्ण भार उचलेल एवढी धरली, तर फ्रिक्वेन्सी दर सेकंदाला सहा हर्ट्झहून अधिक वेगाने पडते. ५०ची ४७ व्हायला अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात निम्मे शहर आपोआप कापले गेले तर उरलेले निम्मे वाचते. कापणी कमी पडली की जनित्रे स्वतःला वाचवण्यासाठी सुटतात, आणि एक सुटले की उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो. बेटाचे यश फिरत्या मेगावॅटांवर ठरते, कागदावरच्या मेगावॅटांवर नाही. कोविडच्या महिन्यांत मागणी घटलेली होती आणि बाहेरची वीज स्वस्त मिळत असताना घरची महाग यंत्रे पूर्ण ताकदीने फिरवत ठेवायला कोण तयार होतो, हा प्रश्न मुंबईच्या वीजदराइतकाच जुना आहे.

अधिक पाच सेकंद

जाळे सुटले की घाटाखालच्या वीजगृहाचे दुखणे उलटे असते. शहरात वीज कमी, आणि इथे चाकावर पाणी आदळतेच आहे पण जनित्राला ओढणारे कोणी नाही. चाक वेग घेऊ लागते. मग फवाऱ्याच्या तोंडातली सुई पुढे करून पाणी झटकन बंद का करत नाहीत? कारण नळसुद्धा पारेषण वाहिनी आहे.

घाटातल्या पोलादी नळात पाणी सेकंदाला तीन मीटरने उतरत असेल आणि ते एकाएकी थांबवले, तर थांबल्याची बातमी सेकंदाला हजारेक मीटरच्या वेगाने दाबाची लाट होऊन वर चढते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या झुकोव्हस्कीने १८९८ साली तिचे सूत्र दिले: घनता गुणिले लाटेचा वेग गुणिले थांबवलेला वेग. आपल्या आकड्यांना ते तीस वातावरणांचा जादा दाब होतो, म्हणजे आधीच्या पाचशे मीटर पाण्यावर आणखी तीनशे मीटरचे ओझे. वर तलावाच्या उघड्या तोंडाशी लाट उलट चिन्हाने परत फिरते, खाली बंद सुईपाशी दुप्पट व्हायला येते. एका नळाला तीन-चार यंत्रांचे फाटे असतात, तिथे सांध्यासांध्यावर तिचे तुकडे पडतात. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेचे समीकरण आणि या नळाचे समीकरण अक्षरशः एकच आहे, व्होल्टेजच्या जागी दाब लिहायचा आणि प्रवाहाच्या जागी प्रवाह.

म्हणून पेल्टनच्या तोंडाशी डिफ्लेक्टर नावाचे पाते असते. भार सुटला की ते सेकंद-दोन सेकंदांत फवाऱ्यात शिरते आणि पाण्याची धार चाकावरून बाजूला वळवते. नळातले पाणी तसेच वाहत राहते, त्याला काही कळत नाही. सुई मागाहून, सावकाश, अर्ध्या-एक मिनिटात बंद होते. टोक न बदलता भार बदलायचा, ही त्यातली युक्ती. शतकापूर्वीच्या कारागिरांनी ती पोलादात घडवली आणि माझ्या पाहण्यात टर्मिनेशनचा, म्हणजे टोक बांधण्याचा, तिच्याइतका देखणा नमुना दुसरा नाही.

अधिक पंधरा मिनिटे

लोकल जिथल्या तिथे थांबल्या. माणसे रुळांवर उतरून चालू लागली. मुंबई विद्यापीठाची अंतिम वर्षाची ऑनलाइन परीक्षा चालू होती, ती पुढे ढकलावी लागली. कोविड रुग्णालये जनित्रांवर गेली. महापालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी रुग्णालयांना किमान आठ तासांचे डिझेल ठेवायला सांगितले. शेअर बाजार मात्र चालू राहिले.

अदानींनी कळवले की डहाणू केंद्रातून अत्यावश्यक सेवांना सुमारे ३८५ मेगावॅट दिले जात आहेत. म्हणजे एक छोटे बेट तरले होते. आणि टाटांच्या निवेदनातली पुढची ओळ घाटाखालच्या आमच्या भागाची होती: तिन्ही जलविद्युत केंद्रे आणि ट्रॉम्ब्याचे संच पुरवठा पूर्ववत करण्याच्या कामात आहेत.

अधिक अर्धा तास

औष्णिक केंद्र थंड पडले की ते स्वतःहून उठत नाही. पाण्याचे पंप, हवेचे पंखे, इंधनाची यंत्रे चालवायलाच त्याला आपल्या क्षमतेच्या पाच-सहा टक्के वीज आधी लागते. पाचशे मेगावॅटच्या संचाला पंचवीस-तीस मेगावॅट. जलविद्युत केंद्राला लागते बॅटरीवरचे थोडेसे उत्तेजन, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरमधला तेलाचा दाब आणि वर तलावात पाणी. पाणी सोडा, चाक फिरते, काही मिनिटांत वीज तयार. यालाच ब्लॅक स्टार्ट म्हणतात. ७२ मेगावॅटच्या खोपोलीची खरी किंमत या कामात आहे.

पण तयार झालेली वीज शहरापर्यंत न्यायची म्हणजे पुन्हा टोकाचा प्रश्न. आता वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही. फेरांटी या अभियंत्याने १८९० साली लंडनच्या डेप्टफर्ड केंद्रात पाहिले होते की उघड्या टोकाचा दाब निघालेल्या दाबापेक्षा वाढतो. ७० किलोमीटरच्या उघड्या तारेवर ही वाढ नगण्य आहे, हजारात तीनच्या आत. खरी अडचण मुंबईच्या जमिनीखाली आहे. शहरातल्या वाहिन्या केबलच्या आहेत, आणि केबल म्हणजे लांबच लांब कपॅसिटर. ११० केव्हीच्या केबलला नुसते चार्ज ठेवायलाच दर किलोमीटरला साधारण पाऊण मेगाव्हार (रिअॅक्टिव्ह पॉवरचे एकक) लागतात. दहा किलोमीटर केबल जोडली की २४ मेगावॅटच्या एकट्या जनित्रावर सात-आठ मेगाव्हारचे उलटे ओझे येते. ते प्रमाणाबाहेर गेले तर जनित्र स्वतःच्या उत्तेजनाशिवायच दाब चढवू लागते आणि चालकाच्या हातातून सुटते.

म्हणून एक तुकडा चार्ज करायचा, लगेच टोकाला थोडा भार बांधायचा, फ्रिक्वेन्सी स्थिर झाली की पुढचा तुकडा. भार फार मोठा बांधला तर चाक दबते, बांधलाच नाही तर दाब चढतो. बोर्डावर एकदा सोल्डर केलेला रोध आयुष्यभर पुरतो. इथे तो दर दोन मिनिटांनी नव्याने निवडायचा असतो, टेलिफोनवर, आणि पलीकडे मंत्री वाट बघत असताना.

अधिक एक तास ते अडीच तास

अकराच्या आत हार्बर मार्गावर गाड्या हलल्या. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग साडेबाराच्या सुमारास सुरू झाला. अत्यावश्यक सेवा आधी, मग बाकी, हा क्रम पाळला गेला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले.

अधिक दहा-बारा तास

बहुतेक शहर दुपारपर्यंत उजळले तरी काही भागांत वीज यायला रात्र झाली. पडताना लागली ती मिनिटे, उभे राहताना लागले ते तास. जाळ्यांच्या बाबतीत हे नेहमीच असे असते.

अधिक साडेचार महिने

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीच्या अहवालाआधारे बातमी दिली आणि चिनी हॅकर्सची चर्चा सुरू झाली. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र कारण मानवी चूक असल्याचे सांगितले.

माझे मत स्पष्ट आहे. हॅकर शिरला होता असे मानले तरी त्याला करायला फारसे उरले नव्हते. शनिवारी एक वाट बंद, सोमवारी पहाटे दुसरी, आणि मागणी चढत असताना तिसरीवर सगळी भिस्त. इतक्या कडेवर उभ्या केलेल्या जाळ्याला ढकलायला शत्रू लागत नाही, एक सैल सांधा पुरतो. चिनी बातमीने एक नुकसान नक्की केले. त्या साडेपाच तासांत भार का उतरवला गेला नाही आणि घरची यंत्रे का वाढवली गेली नाहीत, हे दोन कंटाळवाणे प्रश्न मथळ्यांतून हद्दपार झाले.

अधिक तीन वर्षे

मुंबईच्या हद्दीत ४०० केव्ही नेणारी खारघर–विक्रोळी वाहिनी अनेक वर्षे रेंगाळली होती. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. गळा एका बाजूने मोकळा झाला. खोपोली आणि भिवपुरीची चाके पूर्वीसारखीच फिरत आहेत.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवताना जाहीर सुनावणी घेतो आणि तिथे कोणताही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. आपण सगळे तिथे युनिटच्या पैशांवर बोलतो. पुढच्या वेळी एक प्रश्न लेखी द्या: घाटाखालच्या वीजगृहापासून मुंबईतल्या केबलपर्यंत, प्रत्यक्ष भार बांधून, ब्लॅक स्टार्टची पूर्ण चाचणी शेवटची कधी झाली? उत्तरात तारीख मागा.